आमचेच पाणी

शिरूरला जुनी माणसे अजूनही घोडनदीच म्हणतात. गावाने नदीचे नाव लावून घेतले, एवढी ती नदी गावाची होती. दौंडचे तसे नाही. दौंड म्हटले की लोकांना रेल्वेचे जंक्शन आठवते, भीमा आठवत नाही. भीमेची आठवण पावसाळ्यात होते. उजनी धरणात किती पाणी येत आहे याचा अंदाज दौंडच्या विसर्गावरून घेतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रात दौंडचे नाव क्युसेकच्या आकड्यासोबत छापून येते. पाऊस सरला की आकडा सरतो. पुढचे आठ महिने भीमा आहे की गेली, याची चौकशी कोणी करीत नाही.

आम्ही सातजण. चार शिरूरचे, तीन दौंडचे. घोड नदी दौंडच्या वरच्या अंगाला भीमेला मिळते, म्हणजे शिरूरचे पाणी दौंडला जाते. आमच्या सोयरिकीही त्याच वाटेने गेल्या. शिरूरच्या मुली दौंडला दिल्या, दौंडच्या शिरूरला आणल्या. आमची दोस्ती मात्र लग्नाच्या मांडवात झालेली नाही, ती नदीच्या पात्रात झाली. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडले की तिथे टेनिस बॉलचे सामने व्हायचे. दोन्ही गावच्या टीम एकमेकांकडे जायच्या. ज्या जागी आमच्या आजोबांनी पोहायला उडी मारली, त्या जागी आम्ही पिच आखले. तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही. मैदान मिळाले म्हणून आम्ही खूशच होतो.

आता सगळे चाळिशीच्या पुढे गेलो आहोत. एकजण रेल्वेत आहे, एकजण जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत मास्तर, दोघे रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला, एकाचे किराणा दुकान, एकाची टेम्पोची फेरी आणि एकाचे मोटार वायंडिंगचे दुकान. शेतकऱ्यांच्या नदीवरच्या, विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की त्याच्याकडे येतात. नदीवर पोट असलेला आमच्यात तो एकटाच, आणि नदीपासून सर्वांत दूर पळणाराही तोच.

त्याला कारण आहे. आमच्या वडिलांच्या पिढीला पोहता येत होते. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा हवाबंद डबा बांधायचा आणि डोहात ढकलून द्यायचे, अशी ती शाळा. जात-पात, मोहल्ला-आळी असा भेद त्या डोहात नव्हता. सगळ्यांची कापडे एकाच खडकावर वाळायची. आमच्या पिढीपर्यंत येता येता ती शाळा बंद पडली. वर धरणे झाली, नदी आवर्तनावर आली. पाणी सुटले तर नदी, नाही तर वाळवंट. मग वाळूलाच भाव आला. रात्री मशिनी लागल्या, ट्रक लागले, आणि पात्रात पुरुष-पुरुष खोल खड्डे पडले. आवर्तनाचे पाणी आले की खड्डे भरून वर सपाट पाणी दिसायचे. कुठे गुडघाभर आणि कुठे दोन पुरुष, हे बघून कळायचे नाही.

वायंडिंगवाल्याचा धाकटा भाऊ वीस-बावीस वर्षांपूर्वी अशाच एका खड्ड्यात गेला. चौदा वर्षांचा होता. बॉल पाण्यात गेला म्हणून आणायला उतरला. काठावर आम्ही अकराजण उभे होतो आणि एकालाही पोहता येत नव्हते. गावातल्या एका भोई समाजाच्या चाचांनी त्याला बाहेर काढले, पण तोपर्यंत अर्धा तास झाला होता. खड्डा कोणी खणला हे कधी ठरले नाही. त्या दिवसानंतर पात्रातले आमचे सामने बंद झाले, आणि आमच्यापैकी कोणाच्याच घरातले मूल नदीकडे गेले नाही. आम्ही बाप झालो तेव्हा मुलांना शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे, नदीकडे जायचे नाही.

लहानपणी मौलवीसाहेबांकडे शिकताना वुजूच्या पाण्याचा सबक झाला होता. वाहते पाणी पाक. घाण मिसळून त्याचा रंग, वास किंवा चव बदलली तर मात्र ते पाक राहत नाही. एवढा साधा नियम. मास्तर एकदा म्हणाले, "या नियमाने उन्हाळ्यातली आपली भीमा कुठे बसते ते सांगा." कोणी बोलले नाही. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि वरच्या शहरांचे सांडपाणी घेऊन येते. मार्च-एप्रिलमध्ये त्या पाण्याचा रंग काळा, वास नाकाला झोंबणारा आणि वर जलपर्णीचा हिरवा गालिचा. चवीची परीक्षा कोणी घेत नाही. ज्या नदीच्या काठी जन्मलो, तिच्या पाण्याने वुजू करायला मन घेत नाही, ही गोष्ट लहान नाही.

सहलीचा विषय निघाला तो टाकळी हाजीला. शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी आणि पलीकडचे पारनेर तालुक्यातले निघोज, यांच्यामधून कुकडी वाहते. तिथले रांजणखळगे प्रसिद्ध आहेत. काळ्या कातळात रांजणासारखे गोल, खोल खड्डे. वेगाने धावणारे पाणी दगडगोटे भोवऱ्यात धरते, ते गोटे हजारो वर्षे गरगर फिरतात आणि बेसाल्टला भोके पाडतात. लोक दुरून बघायला येतात. आमच्या पोरांना ते दाखवायला नेले होते, अर्थातच लांबून. मास्तरांची मुलगी, ती पुण्यात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कठड्याशी उभी राहून म्हणाली, "अब्बा, म्हणजे आपल्याकडे पांढरे पाणी होते तर!"

पांढरे पाणी म्हणजे काय, ते तिनेच सांगितले. तिच्या मैत्रिणी कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग करून आल्या होत्या. उतारावर, दगडांवरून फेसाळत धावणाऱ्या पाण्याला तो शब्द. अशा नद्यांना एक ते सहा असे दर्जे देतात. एक म्हणजे संथ, सहा म्हणजे जिवावर उदार. कुंडलिका दोन-तीनच्या मध्ये, म्हणजे नवख्यांना चालणारी. शिवाय ती उन्हाळ्यातही वाहते, हे ऐकून आम्हाला नवल वाटले. एप्रिलमध्ये वाहणारी नदी आम्ही कधी पाहिलीच नव्हती.

बेत ठरायला वर्ष गेले. घरोघरी विरोध झाला. किराणावाल्याच्या बायकोने विचारले, "डुबने कू जारे क्या सब मिलके?" मोहल्ल्यात कुजबुज झाली की सात बापे आणि सोबत एक तरणी पोर. मास्तर शांत माणूस आहे. ते एवढेच म्हणाले, "सात बापांत एक तिचा बाप आहे आणि बाकीचे सहा चाचा. आणि आठांत पोहता येते ते तिलाच." हे खरे होते. पुण्याला हॉस्टेलवर गेल्यावर ती मुलींच्या बॅचला पोहायला शिकली होती, पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोशाख घालून. ज्या विद्येवर आमच्या आजोबांचा हक्क होता, ती आमच्या घरात पुन्हा आली ती मुलीच्या हाताने.

वायंडिंगवाल्याच्या घरचा प्रश्न मात्र अवघड होता. त्याच्या अम्मी आता सत्तरीच्या आहेत. त्यांनी एकच वाक्य उच्चारले. "एक गया पानी में. दुसरे कू बी भेजू क्या?" त्यावर कोणाकडे उत्तर नव्हते. आम्ही त्याला म्हटले, तू काठावर थांब, आमचे कपडे सांभाळ. तो म्हणाला, "कपडे सांभाळायला मी त्या दिवशी पण होतो." मग आग्रह कोणी केला नाही आणि नकोही कोणी म्हटले नाही. निघायच्या दिवशी तो पिशवी घेऊन टेम्पोपाशी उभा होता. अम्मींनी काय म्हटले ते त्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

2025 च्या रमजान ईदनंतरचा पहिला रविवार, 6 एप्रिल. त्या दिवशी रामनवमी होती. आदल्या रात्री पुण्यात कोंढव्याला नातेवाइकांकडे मुक्काम केला आणि फजरची नमाज होताच पौड रस्त्याने निघालो. मुळशीच्या जलाशयाजवळ पोचलो तेव्हा सूर्य वर येत होता. एप्रिल असूनही डोंगरांच्या कुशीत लांबवर पसरलेले पाणी. टेम्पो थांबवला. रेल्वेवाला म्हणाला, "हे सगळे पाणी शेवटी आपल्याकडेच येत असेल ना? मुळा नदीचेच धरण हे." भूगोलाच्या हिशेबाने त्याचे बरोबर होते. मुळा पुण्यात मुठेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा दौंडला. मास्तर म्हणाले, "यायला पाहिजे. पण येत नाही."

ही हकिकत मास्तरांना ठाऊक होती, कारण मुळशी सत्याग्रहाचा इतिहास त्यांनी वाचला होता. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटा कंपनीने मुळेवर धरण बांधून ते पाणी सह्याद्री फोडून पश्चिमेला, कोकणात उतरवायचे ठरवले. खाली भिरा येथे वीजघर. वरून खाली सुमारे पाचशे मीटरचा उतार मिळतो आणि त्या जोरावर जनित्रे फिरतात. मुळशी पेट्यातली बावन्न गावे त्यात जाणार होती. 1921 च्या एप्रिलमध्ये, रामनवमीलाच, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे त्याचे नेतृत्व केले पांडुरंग महादेव बापट यांनी, आणि याच लढ्याने त्यांना 'सेनापती' ही पदवी दिली. सेनापती बापट जन्माने पारनेरचे, म्हणजे शिरूरचे शेजारीच. लढा तीन वर्षे चालला, अखेर मोडला. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. धरणाविरुद्ध लोकांनी उभे राहण्याच्या जगातल्या सुरुवातीच्या लढ्यांत आज त्याचे नाव घेतात. आमच्या शाळेच्या पुस्तकात तो दोन ओळींत संपला होता.

जलाशयाकडे पाहत आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. खाली गावे आहेत हे कळल्यावर पाणी वेगळे दिसू लागते.

ताम्हिणी घाटात वसंत होता. आमच्याकडे चैत्र म्हणजे कडक ऊन आणि उसाची पाचट जळत असल्याचा वास. इथे झाडांना तांबूस कोवळी पालवी, अंजनीच्या फांद्यांना निळ्या फुलांचे गुच्छ, जाळ्यांत अजून हिरवी करवंदे. घाट उतरून कोलाडच्या बाजूला आलो. राफ्टिंगवाल्यांनी सांगितले की रवाळजेचे पाणी सकाळी सुटते. वीजघर चालले की पाणी सुटते, पाणी सुटले की राफ्ट चालते. ते बंद, तर धंदा बंद. आमचा टेम्पोवाला हसून म्हणाला, "म्हणजे इथेही आवर्तनच की!"

आम्ही काठावर उभे होतो तेव्हा नदी अर्धी होती, खडक उघडे होते. थोड्या वेळाने वरच्या अंगाने एक आवाज आला, दूरवरून मालगाडी यावी तसा. एक-एक खडक बुडू लागला. पाणी चढत चढत आमच्या पायांपाशी आले. थंडगार, आणि इतके स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. वायंडिंगवाला चार पावले मागे सरकला होता. त्याच्या हातात सगळ्यांच्या चपला होत्या.

आमचा गाइड रोहा तालुक्यातलाच पोरगा, विशी-बाविशीचा. त्याने लाइफ जॅकेटचे पट्टे एकेकाचे ओढून पाहिले. मुलीने डोक्याला रुमाल घट्ट बांधून त्यावर हेल्मेट चढवले. त्याने तिच्याकडे पाहून फक्त पट्टा नीट केला का एवढे विचारले. मग सगळ्यांना सांगितले, "काका, मी फॉरवर्ड म्हटले की सगळ्यांनी एकदम वल्हे मारायचे. स्टॉप म्हटले की थांबायचे. पडलात तर उभे राहायचा प्रयत्न करू नका, पाय दगडात अडकतो. पाठीवर पडा, पाय पुढे करा, जॅकेट तुम्हाला तरंगवेल." मग वायंडिंगवाल्याकडे वळून म्हणाला, "काका, तुम्ही माझ्यापुढे बसा." का, ते त्याला कोणी सांगितले नव्हते. पाण्यावर काम करणाऱ्यांना माणसाचा चेहरा वाचता येत असावा.

तो बसला. चपला काठावर ठेवल्या, बिस्मिल्ला म्हटले आणि बसला.

पहिले दहा मिनिटे संथ पाणी. मग नदी एका वळणावर अरुंद झाली, पुढचे पाणी दिसेनासे झाले, फक्त आवाज. "फॉरवर्ड!" असे ओरडणे कानावर आले आणि राफ्टचे नाक खाली गेले. समोर पाण्याची भिंत उभी राहिली. ती अंगावर फुटली. कोणी अल्लाला हाक मारली, कोणी आईला. डोळे उघडले तेव्हा आम्ही पलीकडे होतो आणि सगळे एकमेकांकडे बघून वेड्यासारखे हसत होतो. दुसऱ्या रॅपिडला राफ्ट एका खडकाला घासून तिरकी झाली आणि रेल्वेवाला बाहेर फेकला गेला. ती चार-पाच सेकंदे आमच्यापैकी कोणाला विसरता येणार नाहीत. फेसात फक्त लाल हेल्मेट दिसत होते. अकराजण काठावर उभे असलेला तो दिवस सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आला असणार, पण बोलायला वेळ नव्हता. गाइडने "वल्हे द्या!" म्हटले आणि सर्वांत आधी हात लांबला तो वायंडिंगवाल्याचा. त्याने वल्ह्याची मूठ पुढे केली, रेल्वेवाल्याने ती धरली, मग जॅकेटच्या खांद्यांच्या पट्ट्यांना धरून दोघांनी त्याला पोत्यासारखा आत ओढला. रेल्वेवाला खोकत खोकत म्हणाला, "बाबांनो, पाणी गोड आहे." वायंडिंगवाला हसला नाही. तो बराच वेळ त्याच्या जॅकेटचा पट्टा धरून बसला होता.

बारा-तेरा किलोमीटरच्या वाटेत असे पुष्कळ रॅपिड आले. हळूहळू आम्हाला पाणी वाचता येऊ लागले. पाणी खडकावरून खाली पडते, तिथे मागे दुमडते, आणि त्यात हवा मिसळून ते पांढरे होते. वायंडिंगवाल्याला हे आमच्याआधी कळले. तो म्हणाला, "पंपाने हवा धरली की पाणी उचलत नाही. तसेच हे. फेसात वल्हे मारून उपयोग नाही, खालचे निळे पाणी धरायला पाहिजे." गाइडने त्याच्याकडे आदराने पाहिले. आयुष्यभर नदीतून पाणी वर कसे ओढायचे याचा धंदा केलेला माणूस, पाणी आपल्याला कसे ओढते ते पहिल्यांदाच बघत होता.

शेवटी नदी पसरट आणि संथ झाली. गाइड म्हणाला, ज्यांना वाटते त्यांनी जॅकेटसह पाण्यात उतरायला हरकत नाही. मुलगी सर्वांत आधी उतरली आणि पाठीवर पडून तरंगू लागली. मग एकेक करून आम्ही. जन्मात पहिल्यांदा आमचे पाय जमिनीवरून सुटले. वर आकाश, कानात पाणी, आणि कोणीतरी तळहातावर धरल्याची भावना. वायंडिंगवाला एकटाच राफ्टमध्ये उरला होता. मुलीने पोहत जाऊन त्याला हाक मारली, "चाचा, दोरी धरून या. मी आहे ना." तो राफ्टच्या कडेची दोरी धरून हळूहळू उतरला. छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत. दोरी त्याने सोडली नाही. पण तो पाण्यात होता. काही वेळाने आम्ही पाहिले तर त्याचा चेहरा ओला होता, आणि राफ्टिंगमध्ये चेहरा ओला असण्याचे कारण कोणी विचारत नाही.

काठाला लागल्यावर जोहरची वेळ झाली होती. आम्ही नदीच्या पाण्याने वुजू केला. दोन्ही हात बुडवून, ओंजळी भरभरून. रंग नाही, वास नाही, आणि चवीची ग्वाही रेल्वेवाल्याने दिलीच होती. घरून आणलेले खिमा-पाव आणि अंडी खाताना आम्ही गाइडला विचारले, उन्हाळ्यात एवढे पाणी कुठले? तो म्हणाला, "भिऱ्याचे. वरून, मुळशीतून येते." सकाळी मास्तरांनी सांगितलेली हकिकत होती ती. पण तेव्हा ती इतिहास होती. आता तिच्यात आमचे कपडे भिजलेले होते.

म्हणजे एप्रिलमध्ये ज्या पाण्यावर आम्ही नाचलो, ते पाणी आमचेच होते. वळवले नसते तर ते मुळेतून, मुठेतून, भीमेतून आमच्या गावांवरून गेले असते आणि पार बंगालच्या उपसागराला मिळाले असते. आता ते रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. मुळशीसह भीमेच्या खोऱ्यातल्या टाटांच्या धरणांतून असे सुमारे 42 टीएमसी पाणी दरवर्षी पश्चिमेला उतरते. हा आकडा किती मोठा, तर पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली चारही धरणे काठोकाठ भरली तरी त्यांत सुमारे 29 टीएमसी पाणी मावते. दुष्काळ पडला की ते पाणी परत पूर्वेला वळवा अशी मागणी होते, सभा होतात, पाऊस पडला की विसरली जाते.

रागावणे सोपे होते, आणि दोघे-तिघे रागावलेही. पण विचार केला तर हिशेब इतका सरळ नाही. त्या विजेवर मुंबई चालली, आणि त्या मुंबईत आमच्या दोन्ही गावांतली किती माणसे पोटासाठी गेली. कुंडलिकेवर डोलवहाळला बंधारा आहे, तिथून निघणाऱ्या कालव्यांवर रोहा-माणगावचा शेतकरी उन्हाळी भात करतो. गाइडच्या घरचे पोटही त्याच पाण्यावर. त्याचे पाणी काढून आम्हाला द्या, असे त्याच्यासमोर बसून, त्याच्या हाताने वाचून, कसे म्हणणार? आणि समजा मुळशीचे पाणी उद्या पूर्वेला आलेच, तर ते त्याच काळ्या मुळा-मुठेतून येणार, त्याच वाळूच्या खड्ड्यांवरून वाहणार. पाणी परत मागण्याआधी ते ठेवायला नदी असावी लागते. सेनापती बापटांचे मावळे जमिनीसाठी लढले, कारण जमीन आपली आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आमचे उलटे झाले. भीतीपोटी आम्ही आधी नदी सोडली. मग तिच्यात कोण काय टाकतो आणि तिच्यातून कोण काय काढतो, हे विचारायला काठावर कोणी उरले नाही. ज्या नदीत आपले मूल पोहत नाही, तिच्यासाठी भांडायला कोण जाणार?

म्हणून आम्ही मोठे काही ठरवले नाही. समिती केली नाही, निवेदन लिहिले नाही. मे महिन्यात शिरूरजवळच्या एका ओळखीच्या मराठा शेतकऱ्याची विहीर ठरवली. तोही आमच्या त्या क्रिकेटच्या दिवसांतला. म्हणाला, "पोरं आणा, मोटार मी बंद ठेवतो." सुट्टीत सकाळी सात ते नऊ. मोहल्ल्यातली पोरे आधी पाच आली, मग चौदा. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवली. त्यांना मास्तरांची मुलगी शिकवायची, आणि शेतकऱ्याची सूनही पदर खोचून त्यांच्यात उतरली. भोपळे आता मिळत नाहीत. पाच लिटरचे प्लास्टिकचे कॅन आणले, झाकणे घट्ट करून पोरांच्या पाठीला बांधले.

मे महिन्याच्या अखेरीस त्या वर्षी पाऊस लवकर आला. दौंड, बारामती, इंदापूर भागात मेमध्येच ओढे-नाले भरून वाहिले. विहीर तुडुंब झाली आणि आमची शाळा थांबली. तोवर नऊ पोरे कॅन सोडून विहिरीचा फेरा मारू लागली होती. त्यांत एक वायंडिंगवाल्याचा मुलगा, चौदा वर्षांचा. पाऊस लागण्याच्या आदल्या आठवड्यात एक दिवस अम्मीही रिक्षा करून आल्या होत्या. विहिरीच्या कठड्यावर तसबीह घेऊन बसल्या आणि नातवाला एकदा, दोनदा, तीनदा फेरा मारताना पाहत राहिल्या. तो वर आला तेव्हा आपल्या पदराने त्याचे डोके पुसले आणि मुलाकडे बघून म्हणाल्या, "अब तू बी सीख ले."

तो शिकतो आहे. अजून एका हाताने कठडा धरतो.